हसून बोललेलं एक वाक्य

इंग्रजी सिनेमे मी फारसे पाहिले नाहीत, सांगितले मात्र पुष्कळ. पाहणं वेगळं अन् सांगणं वेगळं, हे ज्याला पटत नसेल त्याने एकदा हॉलभर वऱ्हाडी पोट्ट्यांसमोर मायक धरून बसून पाहावं, मग माझ्याशी वाद घालावा.

गोष्ट साठ सालाच्या थोडी अलीकडची. अमरावतीच्या आमच्या टॉकीजमध्ये दर रविवारी सकाळी साडेनऊला इंग्रजी सिनेमा लागायचा. पडद्यावर साहेब लोक काय बोलतात ते खाली बसलेल्यांत दोघा-चौघांना कळलं तर कळलं. बाकीचे मारामारी पाहायला येत, पण मारामारी कशावरून झाली हेही त्यांना हवं असे. म्हणून पडद्याच्या डाव्या अंगाला एक स्टूल ठेवलेलं होतं, स्टुलासमोर मायक, अन् त्या स्टुलावर मी.

कामाची पद्धत ठरलेली होती. शनिवारी दुपारी दारं लावून ऑपरेटर मला एकट्याला सिनेमा दाखवायचा, त्याला आम्ही ट्रायल म्हणत असू. मी मांडीवर वही घेऊन टिपणं काढायचो. रविवारी खेळाच्या वेळी माझ्या पायाखाली एक बटन असे. एकदा दाबलं की वर केबिनमध्ये घंटी वाजे अन् ऑपरेटर सिनेमाचा आवाज खाली घेई. दोनदा दाबलं की आवाज पुन्हा वर. म्हणजे जिथे मी बोले तिथे पडद्यावरच्या माणसाचं नुसतं तोंड हले अन् त्यातून माझी वऱ्हाडी बाहेर पडे. “काहून बे, कुठी होता तू काल?” असं एखादा गोरा इन्स्पेक्टर विचारायचा अन् हॉल खदखदून हसायचा. लोक म्हणत, मास्तर इंग्रजी कोळून प्यायलेत.

आता खरं सांगतो. मी बी.ए. झालो ते इंग्रजी घेऊन, राजापेठेतल्या एका शाळेत इंग्रजीच शिकवत होतो. पण माझं इंग्रजी पुस्तकातलं. कविता विचारा, व्याकरण विचारा, पाठ. हे अमेरिकन गुंड मात्र नाकातून बोलत, तोंडात सिगार ठेवून बोलत, अर्धा शब्द गिळून बोलत. मला त्यातलं रुपयात सहा आणे कळायचं. उरलेले दहा आणे मी अंदाजाने भरायचो.

मग तसं सांगून का टाकलं नाही? अहो, कोणाला सांगायचं! आमचं घर अकोल्याला, वस्तीत. बाप छप्पन साली नागपूरला जाऊन आला, घरातले देव नदीत सोडून आला अन् दुसऱ्या वर्षी वारला. शेवटच्या दिवसांत जो भेटायला येईल त्याला एकच सांगे, “माहं पोरगं इंग्रजी बोलते.” वस्तीतला पहिला बी.ए. मी. अकोल्याला माझा खेळ असला की वस्तीतली पोट्टी पुढच्या बाकांवर बसून शेजारच्याला कोपर मारायची, “थो पाय, आमचा मास्तर. सायबाचं बोलनं मराठीत करून राह्यला.” त्या पोट्ट्यांसमोर मायकवर ‘मला समजलं नाही’ म्हणायचं? माझी जीभ रेटली नसती. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढी एकच म्हण मी आयुष्यात नीट पाळली.

तर तो सिनेमा. त्याच्या नावाशी आपल्याला काम नाही. एक गरीब पोरगा बर्फाच्या कारखान्यात नोकरीला. खांद्यावर लाद्या घेऊन दुकानोदुकानी बर्फ पोचवतो. एका बँकेतही पोचवतो, म्हणून बँकेच्या दारावरचा बंदूकवाला त्याला ओळखतो, त्याचं तोंड दिसलं की हसून दार उघडतो. त्या शहरात एक बडा गुंड असतो, कोटाला फूल लावणारा. तो या पोराला जवळ करतो, मोटारीतून फिरवतो, नवा कोट शिवून देतो. पोरगा त्याच्यामागे जातो अन् शेवटी त्याच बँकेच्या पायऱ्यांवर गोळी लागून मरतो. म्हातारी माय खिडकीत वाट पाहत राहते. झालं.

मधे एक जागा होती. काचेच्या दारापलीकडे पोरगा आरशासमोर नवा कोट घालून स्वतःला पाहून राहिला आहे. अलीकडे गुंड उभा. तो पोराकडे पाहतो अन् बाजूच्या आपल्या माणसाला हळू आवाजात काहीतरी लांबलचक सांगतो. तोंडात सिगार होतीच. ट्रायलच्या वेळी मी तो तुकडा ऑपरेटरला दोनदा चालवायला लावला. त्यातलं मला काही म्हणजे काही समजलं नाही. पण गुंड हसत होता. पोराचे नवे कपडे पाहून बाप हसतो तसा हसत होता.

आता तुम्हीच सांगा. आमच्या वऱ्हाडात ज्याला वाईट बोलायचं असतं तो ओरडून बोलतो. भाऊबंदकीचं भांडण असो की शेताच्या धुऱ्याचं, गावाच्या त्या टोकाला ऐकू जातं. शिवी देणारा तोंडावर देतो अन् संध्याकाळी पुन्हा तुमच्याच ओट्यावर चहा प्यायला बसतो. मनात विष ठेवून हळू आवाजात हसणारा माणूस मी तोवर पाहिलाच नव्हता. एवढ्या मायेने हसतो म्हणजे बरंच बोलत असणार, असं मी धरून चाललो. रविवारी ती जागा आली. मी बटन दाबलं, गुंडाचा आवाज खाली गेला, अन् मी बोललो:

“हे पोट्टं माह्या सख्ख्या भावासारखं हाय. आजपासून याची माय थे माही माय. याच्या केसाले धक्का लागला तं थो माह्या जिवाले लागन!”

काय सांगू! हॉल उठला. शिट्ट्या, आरोळ्या, टोप्या वर. एक म्हातारा उभा राहून “वा रे मर्दा!” म्हणाला, ते गुंडाला की मला देव जाणे. पुढे पोरगा मेला तेव्हा लोक त्या गुंडासाठीही हळहळले. खेळ सुटल्यावर मॅनेजर धोतर सावरत धावत आला अन् म्हणाला, “मास्तर, हे वाक्य जसंच्या तसं ठेवा. एक अक्षर हालवू नका.” मी घरी जाताना अंगात वारं भरल्यासारखा चाललो होतो.

सिनेमाच्या पेट्या एका गावात आठवडाभर राहून पुढच्या गावाला जात. अकोल्याच्या टॉकीजमालकाने नेहमीसारखं पेट्यांसोबत मलाही मागून घेतलं. शनिवारी शाळा सकाळची. ती सुटली की बडनेऱ्याला गाडी धरायची; गार्डाच्या ब्रेक डब्यात पेट्या, थर्ड क्लासात मी. मूर्तिजापूर मागे पडलं की मला घरचा वास येऊ लागायचा.

घरी दोघंच होती, माय अन् धाकटा भाऊ. धाकटा माझ्याहून सात वर्षांनी लहान. मॅट्रिकला दोनदा बसला अन् दोनदा उठला. वस्तीतल्या एका वडीलधाऱ्याने शब्द टाकून त्याला रेल्वेलाइनजवळच्या कापसाच्या प्रेसमध्ये लावून दिलं होतं. तिथे रुई दाबून गाठी बांधतात, गाठी ट्रकमध्ये भरतात, अन् फाटकाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक ट्रकला गेटपास लागतो. गेटपास लिहायचं काम धाकट्याचं. फाटकावरचा म्हातारा चौकीदार त्याला पोरासारखा मानायचा, घरून आणलेल्या भाकरीतला चतकोर त्याच्यासाठी काढून ठेवायचा.

या सिनेमाच्या अकोल्यातल्या पहिल्या रविवारी धाकटा खेळाला आला तो एका माणसाबरोबर. पांढरा लेंगा, करकर वाजणारा जोडा, कानात अत्तराचा फाया. त्याचे दोन ट्रक होते, म्हणून सगळे त्याला ट्रकवालाच म्हणत. दोघं माझ्या समोरच्याच रांगेत बसले. माझं ते वाक्य आलं तेव्हा हॉल उसळला, धाकटा तर बाकावर उभा राहून टाळ्या पिटत होता. ट्रकवाल्याने टाळी वाजवली नाही. तो आधी पडद्याकडे पाहत होता, मग धाकट्याकडे पाहत राहिला. मला तेव्हा वाटलं, गंभीर माणूस दिसतो.

खेळ सुटल्यावर रेल्वेतल्या एका अँग्लो-इंडियन गार्डाने मला बाहेर गाठलं. पोट धरून हसत होता.

“मास्टर, क्या खूब बोलते हो! लेकिन वो ऐसा नहीं बोला.”

“मग काय बोला?” मी विचारलं.

“वो बोला, बँक का दरबान इस छोकरे का मुँह पहचानता है. इसको आगे बिठाओ. दरवाजा भी इसके मुँह से खुलेगा, और बाद में पहचाना भी यही जाएगा. हमको कौन देखा?”

माझे कान तापले. वाटलं जमीन दुभंगावी. पण तोंड काय म्हणालं? “हाँ हाँ, मालूम है. पब्लिक के लिए बदलना पड़ता है.” मालूम डोंबल! मला त्या क्षणी पहिल्यांदा कळत होतं. गार्ड माझ्या पाठीवर थाप मारून निघून गेला. अन् मी काय केलं? काही नाही. टॉकीजमालकाने सिनेमा दुसऱ्या आठवड्यालाही ठेवला, मला पुढच्या रविवारी पुन्हा यायला सांगितलं, वर म्हणाला, “त्या डायलॉगवर गर्दी हाय बरं.” मी मान हलवली अन् अमरावतीची गाडी धरली. आठवडाभर पोरांना शब्दांचे अर्थ शिकवले. चुकलेल्यांना छड्याही मारल्या.

पुढच्या शनिवारी घरी पोचलो तर माय खुशीत होती. बाजेवर नवंकोरं हिरवं लुगडं घडी घालून ठेवलेलं. मी विचारलं, कोणी आणलं?

“याचा थो ट्रकवाला दोस्त आला होता ना. आला तसा माह्या पायाच पडला. असा मानूस पाह्यला नाही बावा. म्हने, हे पोट्टं माह्या सख्ख्या भावासारखं हाय, आजपासून याची माय थे माही माय.”

माझ्या हातात पाण्याचा गिलास होता. तो मी खाली ठेवला की कोणी घेतला, आठवत नाही. माय बोलतच होती.

“अन् म्हने, याच्या केसाले धक्का लागला तं माह्या जिवाले लागन. माह्या तं डोयाले पानी आलं.”

माझंच वाक्य. स्टुलावर बसून, एक अक्षर न समजता, मी जोडलेलं. ते त्या माणसाने उचललं अन् माझ्याच मायच्या पायाशी आणून ठेवलं. अन् पडद्यावरचा गुंड खरं काय बोलला होता, हे अख्ख्या अकोल्यात आम्हा दोघांना माहीत होतं, त्या गार्डाला अन् मला.

“अन् हे पाय ना,” माय म्हणाली, “थे प्रेसचं पुस्तक याने घरी आनून ठेवलं. उद्या तं प्रेस बंद. मंग काहून आनलं असन?”

खुंटीवरच्या पिशवीत गेटपासचं पुस्तक होतं. उघडून पाहिलं. शेवटचा पास फाडून नेलेला, मागे कार्बनची निळी नक्कल राहिलेली. एका ट्रकचा नंबर, तीस गाठी, वेळ साडेअकरा, अन् तारीख दुसऱ्या दिवशीची. रविवारी त्या फाटकातून एक गाठ बाहेर पडत नसे. खाली धाकट्याची सही.

तो दिवेलागणीला आला. मी त्याला परसात ओढत नेलं अन् पुस्तक त्याच्यासमोर धरलं.

“हे काय हाय बे?”

“एक खेप हाय भाऊ. एकच. मंग थो मले ट्रकवर मुनीम ठेवते.”

“ट्रकात कोन बसन?”

“ड्रायव्हर. अन् बाजूले मी.”

“तू कायले?”

“चौकीदार मले ओळखते ना,” तो म्हणाला. “माहं तोंड पाह्यलं का तो फाटक खोलते.”

मी त्याचे दोन्ही हात धरले. म्हणालो, “बाबू, थो तुले तोंडासाठी नेऊन राह्यला. उद्या कोनी ओळखन तं तुलेच ओळखन, त्याले नाही. सिनेमातला तो गुंडही हेच बोलते. म्या तुमाले खोटं सांगतलं.”

धाकट्याने हात सोडवून घेतले. “आता आडवाले सिनेमा बदलवतं का? थो मले चार लोकात भाऊ म्हनते. तू कधी म्हनला? मॅट्रिक नापास म्हून तुह्या मास्तर लोकांत लपवून ठेवतं मले. सिनेमात बोलतं तवा बरा लागतं तू. घरी आला का मास्तर होतं.”

हे खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. मी त्याच्या थोबाडीत मारली. मारायला नको होती. तो जेवण टाकून निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला, “उद्या खेळाले येतोच आमी. तिथूनच जातो.”

आता वाचणारा म्हणेल, पोलिसात का गेला नाहीत? गेलो असतो तर पहिली बेडी धाकट्याच्या हातात पडली असती. पासावर सही त्याची. प्रेसच्या मालकाला सांगितलं असतं तर नोकरी गेली असतीच, वर आमच्या वस्तीतल्या दुसऱ्या पोराला त्या फाटकाशी कोणी उभं केलं नसतं. चौकीदाराला सांगितलं असतं तर त्याला मालकाला सांगणं भाग होतं. मला एकच सुचलं. घरी तो माझं ऐकत नाही, सिनेमात ऐकतो. तर सिनेमातच सांगायचं, जसं आहे तसं, हजार माणसांच्या समोर. त्याला पटलं तर तो खेळ सुटेपर्यंत बसून राहील, अन् साडेअकराची वेळ टळून जाईल.

रविवारी हॉल कोंबून भरला होता. धाकटा अन् ट्रकवाला पुन्हा समोरच, वस्तीतल्या पोट्ट्यांच्या मागच्या रांगेत. मी स्टुलावर बसलो. पहिला अर्धा तास काय बोललो कोण जाणे. लोकांना सगळं पाठ झालेलं, माझ्याआधी तेच बोलत होते. पडद्यावर पोरगा बर्फ पोचवत होता, दरबान हसून दार उघडत होता, अन् माझी नजर धाकट्यावर. नव्या कोटाची जागा जवळ आली तसा मी बटनावर पाय नेऊन ठेवला.

काचेचं दार आलं. पोरगा आरशासमोर गेला. गुंड हसला. मी बटन दाबलं.

हॉल आधीच ओरडायला लागला होता, “हे पोट्टं माह्या सख्ख्या भावासारखं...”

मी मायक तोंडाशी धरून म्हणालो, “नाही! थो असं नाही म्हनत. थो म्हनते, दरवान याचं तोंड ओळखते. याले पुढं बसवा. दरवाजा याच्याच तोंडानं खुलन, अन् मांगून ओळखल्या जाईन तं हाच ओळखल्या जाईन. आपल्याले कोन पाह्यलं?”

मग जो गदारोळ उठला, बापा! “अबे मास्तर, पेऊन आला का बे?” “मांगच्या इतवारी असं नोतं!” “आमचा डायलॉग वापस द्या!” चपला आल्या, एक माझ्या मांडीवर पडली. वस्तीतली पोट्टी खाली मान घालून बसली. मी पुन्हा ओरडलो, “हेच खरं हाय! मांगच्या वेळी म्या खोटं सांगतलं, मले...” इथे टॉकीजमालकाने येऊन मायकची तार उपटली. ‘मले समजलं नोतं’ हे शब्द तोंडातच राहिले.

पडद्याच्या उजेडात मला धाकट्याचं तोंड दिसलं. तो माझ्याकडे पाहत होता, अन् त्याला माझी लाज वाटत होती. त्याला वाटलं, भावाने आपल्याला अडवायला भर सभेत सिनेमा खोटा केला. खोटं मी एवढं चांगलं सांगितलं होतं की आता खऱ्याला कोणी विचारीना. ट्रकवाल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, कानाशी हळूच काहीतरी बोलला अन् हसला. ते हसणं मी ओळखलं. मग दोघं उठून गेले.

मी मागे धावलो तर दारात लोकांनी घेरलं. कोणी म्हणे तिकीट वापस द्या, कोणी म्हणे पुन्हा नीट सांगा. कॉलर सोडवून, हातापाया पडून बाहेर यायला माझा किती वेळ गेला ते मला आजही सांगता येत नाही. पानठेल्याशी उभी असलेली कोणाची तरी सायकल उचलली अन् रेल्वेलाइनच्या दिशेने हाणली. रविवारचा बंद बाजार, ऊन डोक्यावर आलेलं. मी वेड्यासारखा पायडल मारत होतो अन् मोठ्याने बोलत होतो, “उतर बाबू, उतर.”

प्रेसशी पोचलो तेव्हा फाटक उघडं होतं अन् ट्रकचं तोंड बाहेर आलेलं. चौकीदाराने मला पाहून रामराम केला. म्हणाला, “मास्तर, तुमचा भाऊ इतवारीही कामाले आला. गुनाचं पोरगं हाय.” ट्रकवाला कुठेच नव्हता. ड्रायव्हरच्या बाजूला, पुढे, धाकटा. मी सायकल टाकून ट्रकच्या दाराला लोंबकळलो.

“उतर! तुह्या पाया पडतो, उतर!”

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओठ थरथरत होते त्याचे, लहानपणी मार खाल्ल्यावर थरथरत तसे. क्षणभर वाटलं, उतरतो. मग म्हणाला, “भाऊ, घरी जाय. माय वाट पाह्यत असन.” ड्रायव्हरने गियर टाकला, माझा हात सुटला.

जकातीच्या नाक्यावरच्या कारकुनाला माहीत होतं की रविवारी प्रेसचा माल निघत नाही. त्याने ट्रक थांबवून शिपायाला हाक मारली. ड्रायव्हर उडी मारून शेतातून पळाला. धाकटा पुढच्या सीटवर तसाच बसून राहिला, मांडीवर हात ठेवून. ट्रकवाल्याने कोर्टात सांगितलं की ट्रक भाड्याने गेला होता, या पोराला मी ओळखत नाही. तिथेही तो हसूनच बोलला. चौकीदार साक्ष देताना रडला. म्हणाला, “हाच होता साहेब. याचंच तोंड पाहून म्या फाटक खोललं.” धाकट्याला दोन वर्षांची सजा झाली. मी त्या स्टुलावर पुन्हा बसलो नाही. मायने ते हिरवं लुगडं अंगाला लावलं नाही अन् कोणाला दिलंही नाही.

अकोल्याच्या जेलात मी त्याला भेटायला गेलो. सोबत मायने दिलेली भाकर अन् मिरचीचा ठेचा. तो वाळला होता. घरचं, वस्तीचं बोलून झालं. मग गजांशी तोंड आणून म्हणाला:

“भाऊ, एक इचारू? दुसऱ्या खेपेले तू सांगतलं थे खरंच सिनेमातलं होतं, का मले आडवाले बनवलं होतं?”

“खरं होतं.”

“मंग पह्यले काहून तसं सांगतलं?”

“मले समजलं नोतं बाबू. म्या मनानंच जोडलं.”

मला वाटलं आता शिवी देईल, अन् द्यावी असं मला फार वाटत होतं. तो हसला. म्हणाला, “एवढंच? मंग समजलं नाही म्हून सांगाचं होतं ना. अंधारच तं होता थिथी. कोन पाह्यत होतं तुह्या तोंडाकडे?”

गार्डाची गोष्ट तेव्हा जिभेवर आली होती. मला एक आठवडा आधी सगळं कळलं होतं, कळून मी टाळ्यांसाठी गप्प बसलो, हे सांगायला हवं होतं. शिपाई म्हणाला वेळ झाली, अन् मला बरं वाटलं.

धाकटा सुटून आला. मालधक्क्यावर हमाली केली, लग्न झालं, तिन्ही पोरं शिकवली अन् माझ्याआधी गेला. जेलात का गेला होता असं लग्नाकार्यात कोणी त्याला खोदून विचारलं, किंवा कोणी टॉकीजमधल्या त्या गोंधळावरून मला टोमणा मारला, की तो माझी बाजू घ्यायचा. “आमच्या भाऊची काय चूक?” म्हणायचा. “त्याले तं बिचाऱ्याले समजलंच नोतं.” मी बाजूलाच बसलेला असायचो. अन् दर वेळी मान हलवायचो.